काप

गणपत गल्लीत, भांड्यांच्या चौथ्या दुकानात
सुलक्षणाने पिशवीतून बटाटा काढला.
घरून आणलेला, कडोलीच्या लाल मातीतला,
धुऊन पुसून जुन्या रुमालात गुंडाळलेला.
"कापून बघितल्याशिवाय किसणी घेतात होय?"
मी रस्त्याकडे बघत उभा राहिलो.

गुरुसिद्दप्पाने आधी प्लॅस्टिकची दाखवली, पोपटी,
सहा पात्यांची. काकडी, कोबी, गाजर,
सगळं करते म्हणाला.
सगळं करणाऱ्यांचा तिला पहिल्यापासून संशय.
लग्न ठरताना माझ्याबद्दलही
कुणीतरी तसंच सांगितलं होतं.

मग स्टीलची, घडीची, चकचकीत.
इथे मात्र मला बोलावं लागलं.
बत्तीस वर्षं उद्यमबागेत लेथवर उभा होतो,
धार मला नखावर कळते.
ही पहिल्या दोन किलोंशी गोड बोलेल,
तिसऱ्या किलोला ओरबाडायला लागेल.

शेवटी त्याने शिडी लावली,
माळ्यावरून लाकडी पाट उतरवला, धुळीसकट.
सागवानी, म्हणाला. बाभळीचा होता.
पण सरळ होता. मधोमध तिरकं पातं,
बाजूला दोन पितळी स्क्रू.
स्क्रू बघून माझा जीव भांड्यात पडला:
ज्याला स्क्रू आहे त्याच्याशी बोलता येतं.

"नोड्री, तेळ्ळग बरतद."
तिने बटाटा एकदाच ओढला.
काप पडला गल्ल्यावरच्या पेपरावर
आणि आधीच गोल असलेलं कन्नड अक्षर
त्या ओल्या काचेखाली आणखी गोल झालं.
ती वाकली. मराठी शाळा, चौथीपर्यंत;
कन्नड तिला बसच्या पाट्यांनी शिकवलेलं.
बे, मग ले.
"बेले," ती म्हणाली. "किंमत."
आणि मान वर करून, "एष्ट री?"
"नूर ऐवत्त."
"शंभर."
गुरुसिद्दप्पा हसला, मराठीत आला:
"अक्का, बटाटा तुमचा, पेपर माझा. एकशे तीस."

घरी आल्यावर मी ट्रंकेतून
फीलर गेज काढला, निवृत्तीच्या दिवशी
खिशात राहून गेलेला.
फट एक मिलिमीटर.
"चामडं होतंय वाळल्यावर."
पॉइंट आठ.
"अजून."
पॉइंट सहाचं पान पात्याखालून सरकवलं,
स्क्रू आवळला, श्वास धरला.
तिने काप उचलून लाईटबिलावर ठेवला.
"आकडा दिसूलालाय," म्हणाली,
"पण वाचवत नाही."
तेवढंच पाहिजे होतं.

पाच किलो बटाटे. तुरटीचं पाणी, मिठाचं पाणी,
एक उकळी, त्याहून जास्त नाही.
गच्चीवर जुनी इरकल अंथरून
एकेक काप, एकमेकाला न चिकटवता.
दुसऱ्या मजल्यावरची मोनव्वा विचारायला आली,
कुठली घेतली, केवढ्याला, वीजबीज लागते का.
सुलक्षणाने अंगठा दाखवला.
चौथ्या किलोला कातडीचा एक काप गेला होता.
"ही लागते," म्हणाली.
रक्त थांबलं होतं. मी मोजलं नाही, पण
पॉइंट सहाच असावा.

दुपारी कडा वळायला लागल्या,
संध्याकाळी हातात घेतले तर खडखडले.
अर्धे हुबळीला, मुलीकडे,
अर्धे डब्यात, एकादशीपर्यंत टिकले तर.

आणि एक वाटी उरलेली बुडखं.
प्रत्येक बटाट्याचा तो शेवटचा तुकडा
जो चिमटीत राहतो आणि पात्यापर्यंत पोचत नाही.
पोपटीत एक टोपी होती म्हणे, त्यासाठी,
टोचून धरायची. आता आठवलं तिला.
"घ्यायची होती काय ती?" मी विचारलं.
तिने कढई ठेवली, मोहरी टाकली,
बुडखं तशीच टाकली, जाड, वेडीवाकडी,
वर मिरची मोडून.
रात्री भाकरीबरोबर खाल्ली आम्ही.
अंगठ्याला मीठ झोंबलं तेव्हा ती
हात झटकत म्हणाली,
"उद्या पाटाला खोबरेल लाव."